पोच घेतली का?

मयत झालेल्या घरी तेराव्यापर्यंत कागदाचा विषय काढू नये, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. अडचण अशी की मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी आणि तेरावा उरकेपर्यंत त्यातले दोन आठवडे सरलेले असतात. म्हणून एकल महिलांना, म्हणजे विधवा आणि परित्यक्तांना, त्यांचे दाखले आणि अनुदान मिळवून देण्याच्या कामात आमची पहिली फेरी त्या घरच्या विधवेकडे नसते. ती आशाताईकडे किंवा भावकीतल्या एखाद्या समजूतदार माणसाकडे असते, आणि प्रश्न एकच असतो: नोंद कुठं झाली?

'कुठं' हे महत्त्वाचं. माणूस राहायचा कुठं यावर मृत्यूची नोंद ठरत नाही, मेला कुठं यावर ठरते. मराठवाड्यातली जोडपी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगंमागं परततात. फडात साप चावून किंवा ट्रॅक्टर उलटून माणूस गेला तर नोंद त्या फडाच्या गावात व्हायची, मग ते गाव सांगलीकडचं असो की बेळगावकडचं. माती गावाकडं झाली म्हणून गावच्या ग्रामपंचायतीत नोंद करून घेतली, तर पुढं पोस्टमॉर्टेमचा अहवाल एक गाव सांगतो आणि दाखला दुसरं. भरपाईच्या कामात समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो. मृत्यू दवाखान्यात झाला असेल तर नोंदीची माहिती दवाखान्यानं कळवायची असते आणि दाखला त्या हद्दीतल्या निबंधकाकडून मिळतो. २१ दिवस टळले तरी ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं, त्यानंतर वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश, म्हणजे तारखा आल्या.

दाखला मिळाला की खिडकीसमोरच उभं राहून वाचायचा. आधारवर दत्तात्रय, रेशनकार्डावर दत्तू आणि दाखल्यावर दत्ता, असं असेल तर पुढच्या प्रत्येक टेबलावर त्रुटी निघणार. दुरुस्ती आधी आणि प्रती नंतर. साक्षांकित प्रती आम्ही पाच काढायला सांगतो. बँक, विमा, वारस नोंद, निराधार अनुदान आणि एक घरात.

घरी जायचं ते दोनदा. पहिल्या खेपेला ओसरीवर दीर किंवा सासरा बोलतो आणि बाई आतून चहा पाठवते. या भेटीत फक्त ओळख करून घ्यायची, वही उघडायची नाही. दुसऱ्यांदा तिची वेळ बघून जायचं. बहुतेकींना दुपारी तीनच्या सुमारास, नाहीतर रानातून आल्यावर चुलीपाशी, थोडी उसंत असते. बरोबर गावातलीच एखादी एकल बाई हवी. हा नियम आम्ही मोडत नाही, कारण तालुक्याहून आलेल्या माणसाला जे महिनाभर कळत नाही, ते या दोघींच्या बोलण्यात पाच मिनिटांत निघतं: उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, किती अंगावर आहे, टोळीचा मुकादम ती तिच्याकडून फेडून घेऊ बघतोय का, माहेरचं कोण विचारतं, पोरगी शाळेत जाते की घरी बसवलीय.

मग पिशवी येते. बहुतेक घरांत कागदांची एक पिशवी असते, साडीच्या दुकानाची नाहीतर खतकंपनीची, ट्रंकेत तळाशी ठेवलेली. त्यात लग्नपत्रिका असते, विजेचं बिल असतं, बचतगटाचं बंद पडलेलं पासबुक असतं, पोराचं लसीकरण कार्ड असतं. कशाला हात लावायच्या आधी तिला ती चटईवर पसरू द्यावी. लग्नपत्रिका टाकाऊ वाटते, पण लग्नाची नोंदच नसेल तर 'ही त्याची बायको' हे दाखवताना जुनं रेशनकार्ड, मतदार यादी आणि पत्रिका मिळून बराच भार उचलतात. कागद लावायला प्लास्टिकची कप्प्यांची फाइल द्यायची, साधारण वीस कप्प्यांची. मूळ कागद आम्ही कधीच घरी नेत नाही, झेरॉक्स तिच्यासमोर काढतो. आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकणारा कार्यकर्ता कितीही धडपड्या असला तरी त्याला ग्रुपमधून काढावं. ओटीपी तिच्या फोनवर येतो, तो तिनं स्वतः वाचून दाखवायचा. वाचता येत नसेल तर तिची पोरगी वाचते.

नवा कार्यकर्ता थेट निराधारचा अर्ज भरायला घेतो, कारण बाई पहिल्यांदा तेच विचारते: "ताई, पगार कधी सुरू होईल?" (संजय गांधी निराधार अनुदानाला आमच्याकडं सगळे पगारच म्हणतात.) पण या अर्जाला लागणारे कागद एकमेकांवर उभे असतात. खालचा कच्चा असला की वरचा कोसळतो.

रेशनकार्डापासून सुरुवात करायची. नवऱ्याचं नाव कमी करायला नमुना ९, तिच्या नावाची किंवा मुलांची भर घालायला नमुना ८, आणि सासऱ्याच्या कार्डातून फुटून वेगळं कार्ड हवं असेल तर नमुना १. हे वेगळं होणं कागदावर सोपं दिसतं, पण घरात ते वाटणीसारखं ऐकू येतं. शिवाय सासऱ्याचं कार्ड अंत्योदयचं, म्हणजे सगळ्यात गरीब घरांसाठीचं, असेल तर हिशेब बदलतो. अंत्योदयला माणसं कितीही असोत, घराला महिन्याला ३५ किलो. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. म्हणजे बाई आणि दोन लेकरं वेगळी निघून प्राधान्यात गेली तर त्यांच्या वाट्याला १५ किलो आणि म्हाताऱ्यांकडं ३५ तसेच. एकत्र असताना सगळ्यांनी मिळून ३५ खाल्ले असते. त्यामुळं बरेचदा सासूच म्हणते, होऊ दे वेगळं. नवीन कार्डाला धान्य मात्र लगेच लागत नाही. तालुक्याच्या इष्टांकात, म्हणजे धान्यासाठी ठरवून दिलेल्या लाभार्थी संख्येत, जागा हवी. हे आधी सांगितलं नाही तर तीन महिने रिकाम्या पिशव्या घेऊन ती दुकानाच्या पायऱ्या झिजवते आणि बोल आम्हाला लागतो.

त्यानंतर उत्पन्नाचा दाखला. निराधारसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं. दिवसाला ५७-५८ रुपये होतात. एका दिवसाची खुरपणी याच्या कितीतरी पट जास्त देते, त्यामुळं तलाठी एवढं कमी लिहायला कचरतो. (तलाठ्याची पाटी २०२४ मध्ये बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झाली. गावात अजून तलाठीच.) तो ४०,००० लिहितो, दाखला छान निघतो आणि अर्ज नापास होतो. भांडण्यापेक्षा हे आधी करावं: वर्षात काम किती दिवस मिळालं याचा महिनावार तक्ता बनवून चौकशीच्या वेळी समोर ठेवावा. पावसाळ्यात इतके दिवस, सुगीत इतके, मार्च ते मे शून्य. पूर्ण वर्ष मजुरी मिळाली असं गृहीत धरलेला आकडा आणि प्रत्यक्ष दिवसांचा आकडा यांत मोठा फरक पडतो. खोटं लिहायला सांगू नये, ते एका तक्रारीत बाहेर येतं आणि पुढच्या दहा जणींचे अर्ज संशयात जातात. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला जवळपास वाया जातो. एप्रिल गाठावा.

प्रतिज्ञापत्रासाठी बाहेर बसलेला माणूस स्टॅम्पपेपर घ्यायला लावतो. शासकीय कार्यालयात दाखल्यासाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानं बऱ्याच कामांसाठी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र पुरतं. त्या निर्णयाची झेरॉक्स फाइलच्या पहिल्या कप्प्यात असते. ती दाखवताना आवाज चढवायचा नाही. "साहेब, हे एकदा बघता का," एवढं पुरतं.

वयाचा घोळ वेगळाच. निराधार १८ ते ६५ वयाला, ६५ च्या पुढं म्हाताऱ्यांसाठीची श्रावणबाळ योजना. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांच्या आधारवर जन्मतारीख सरसकट १ जानेवारी असते, साल अंदाजानं टाकलेलं. जन्मतारीख आधारमध्ये सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईनं दुरुस्तीला जाऊ नये. आधी ठरवावं कोणता पुरावा टिकणारा आहे. कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यांत आणखी एक भर: राज्यात १५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे आणि सून बिदरकडची असली की शाळेचा दाखला कानडीत. तिथं मुलांचे जन्मदाखले, जुनी मतदार यादी आणि लसीकरण कार्ड वास्तव्य दाखवायला उपयोगी पडतात. पिशवी पसरू द्यायची ती यासाठीच.

विधवेचं प्रकरण मृत्यूच्या दाखल्यावर तरी चालतं. परित्यक्तेची गोष्ट बिकट. काडीमोड तोंडी झालेली, नवरा दुसरी घेऊन पुण्याकडं, आणि कागदावर ती अजून त्याच्याच घरात नांदतेय. तलाठी, ग्रामसेवकाचा दाखला, शेजाऱ्यांचे जबाब, पंचनामा, कोर्टात पोटगीचा दावा घातला असेल तर त्याची प्रत, असं सगळं जुळवावं लागतं. दावा घालायचा की नाही हे तिनं ठरवायचं. पैशाची सबब नको, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार बाईला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. मारहाण चालू असेल तर मात्र फाइल बाजूला ठेवायची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं घटनेचा अहवाल, रात्रीबेरात्री ११२ किंवा १८१ वर फोन. कार्यकर्त्यानं घरात बसून समेट घडवायचा नाही. आम्ही निघून गेल्यावर ती त्या घरात एकटी असते.

अर्ज मंजूर झाला आणि पैसे आले नाहीत, ही तक्रार सगळ्यात जास्त. २०२३ पासून महिना १,५०० रुपये आहेत आणि ते आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यावर पडतात. पासबुकाची झेरॉक्स ज्या खात्याची दिली तिथं नव्हे, आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं गेलं तिथं. मोबाइलचं सिम घेताना अंगठा लावला आणि त्याच अंगठ्यावर पेमेंट बँकेचं खातं उघडलं, असं कितीतरी जणींचं झालेलं असतं. ती जिल्हा बँकेत जाऊन "आले का?" विचारते आणि पैसे तिला ठाऊकच नसलेल्या खात्यात साठत असतात. म्हणून अर्ज देण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग', म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते, तपासायचं, आणि ज्या बँकेत तिला पैसे हवेत तिथं जोडणीचा फॉर्म देऊन चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासायचं. दोन वर्षं उलाढाल नसेल तर खातं निष्क्रिय होतं, ते आधी जागं करून घ्यायचं. आणखी एक: २०२४ मध्ये लाडकी बहीण आल्यापासून दोन्हींचे १,५०० एकत्र मिळतील असा समज आहे. मिळत नाहीत. निराधार मंजूर झाल्यावर लाडकी बहीण थांबते, हे आधीच सांगितलं की "तुमच्यामुळं माझं बंद झालं" हे ऐकावं लागत नाही.

लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे आणि ती फक्त अनाथांसाठी असल्याचं गावात पक्कं समजतात. आई हयात असली तरी, वडील गेलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिना २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बाल कल्याण समितीचा. कागदांत एक फोटो मागतात: घरासमोर आई आणि मूल एकत्र. बायका यासाठी शेजारणीची साडी नेसतात, पोराला इस्तरीचा शर्ट घालतात आणि कुणाच्या तरी स्लॅबच्या घरासमोर उभ्या राहतात. गृहचौकशीला आलेल्या माणसाला पत्र्याचं घर दिसतं आणि फोटोत स्लॅब. फोटो स्वतःच्याच दारात, रोजच्या कपड्यांत काढावा. दाराचा उंबरा आणि पत्रा दिसला पाहिजे. कर्ता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभाचे एकरकमी २०,००० रुपयेही मिळतात. ही यादी जुनी असते आणि नाव बहुतेक सासऱ्याच्या नावाखाली सापडतं.

शेताचं प्रकरण शेवटी घेतो, कारण ते काढलं की घरातलं वारं फिरतं. कायदा स्पष्ट आहे: हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या नावच्या जमिनीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई सारखे वारस. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं अर्ज, फेरफार, १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. दीर म्हणतो, "वहिनी, चला तालुक्याला, तुमचं नाव लावायचंय." इथं एकच खूण आम्ही प्रत्येक बैठकीत घोकून घेतो: वारस नोंदीसाठी रजिस्ट्री ऑफिसला जावं लागत नाही. गाडी तिकडं वळली, तर तो हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा, कागद असू शकतो. अंगठा करायच्या आधी मोठ्यानं वाचून घ्यायचं, नाहीतर "लेकराला ताप आलाय" म्हणून निघून यायचं. ही दुसरी युक्ती आमची नाही, बायकांनीच शोधलेली आहे आणि आजवर चाललेली आहे.

आता पोच, म्हणजे अर्ज मिळाल्याची सही-शिक्क्याची खूण. तहसिलात अर्ज टेबलावर ठेवून येणं म्हणजे विहिरीत टाकणं. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. "नंतर या, शिक्का आत आहे" असं सांगितलं तर बाकावर बसून राहायचं, चिडायचं नाही. ऑनलाइन अर्ज असेल तर सेवा केंद्राची छापील पावती, दरफलकावरच्या दरानंच. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा सगळा जोर मुदतीवर आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील. अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंड क्वचितच होतो, पण अपिलाचा नुसता अर्ज पडला तरी फाइल खालून वर येते.

एकटीचा अर्ज लटकतो तेव्हा चूक तिचीच वाटते. वीस जणींचे अर्ज शेजारी-शेजारी ठेवले की चूक कुठं आहे ते दिसतं. आमच्या लांब वहीत प्रत्येकीची एक ओळ असते: अर्जाची तारीख, आवक क्रमांक, कुठल्या टेबलावर, त्रुटी काय. महिन्याला ती वही बैठकीत वाचायची. अकरा जणींना 'वास्तव्याचा पुरावा अपुरा' अशी एकच त्रुटी असेल तर अकरा खेटे घालायचे नाहीत. एक यादी, एक निवेदन आणि अकराही जणी एकाच दिवशी तहसिलात. माहिती अधिकारही असाच वापरायचा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणं अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावावं लागतं आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते माफ असतं. 'अर्ज का अडला' असं विचारू नये, त्याला उत्तर येत नाही. 'आवक क्रमांक अमुकवर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा लिहिला, त्या टिपणीची प्रत द्यावी' असं मागावं. वैयक्तिक गाऱ्हाणं लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी तक्रारी ऐकून घेतात त्या दिवशी, न्यायचं तर अर्ज १५ दिवस आधी दोन प्रतींत द्यावा लागतो. आधी तालुका, मग जिल्हा.

ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, ती बऱ्याच ठिकाणी रजिस्टरातच होते. तिथं जायचं ते ठरवून: कोण उठणार, कोणता ठराव मांडणार, आणि ठराव इतिवृत्तात लिहिलेला वाचून दाखवल्याशिवाय कुणी सही करणार नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव करून कुंकू परत येतंच असं नाही. पण हळदीकुंकवाला न बोलावली जाणारी बाई समाजमंदिरात माइक धरून बोलली की पुढच्या वेळी तहसिलात तिचा आवाज दबत नाही, हा आमचा स्वार्थ.

कामात बिघाड होतो तो बहुतेक आमच्याकडूनच. लवकर व्हावं म्हणून कार्यकर्ता स्वतःच सगळ्या फाइली घेऊन तालुक्याला जातो, आणि वर्षभरात तो बिनपैशाचा एजंट होऊन बसतो. तो आजारी पडला की चाळीस अर्ज थांबतात. गाडीभाडं आम्ही देत नाही. दोघी-तिघी मिळून वडापनं, म्हणजे सीटवर चालणाऱ्या जीपनं, जातात. तिघींपैकी एक पूर्वी जाऊन आलेली असते आणि नव्या बाईची फाइल तिच्याच हातात राहू देते. कुणाच्या मंजुरीसाठी पुढाऱ्याचं पत्र आणायचं नाही. एकदा आणलं की निराधारचे अर्ज मंजूर करणाऱ्या समितीच्या पुढच्या यादीत कुणाची माणसं आहेत, याचा हिशेब सुरू होतो.

सगळ्यात घाईचा महिना सप्टेंबर. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत रेशनचं ई-केवायसी उरकायचं. कोयता आणि खुरप्यानं अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून डोळ्याच्या स्कॅनचं यंत्र असलेल्या दुकानदाराकडं त्यांना एकत्र न्यायचं. कार्डाचा बारा अंकी क्रमांक चिठ्ठीवर लिहून मोबाइलच्या कव्हरमागं, म्हणजे कारखान्याच्या गावातही धान्य उचलता येतं. अनुदानासाठीचा हयातीचा दाखला बाकी असेल तर तो जाण्याआधी. मुलांना मागं ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीला याच महिन्यात नावं द्यायची, दिवाळीनंतर दिलेली नावं धरत नाहीत. सोबत जाणार असतील तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. वहीत टोळीचा कारखाना, मुकादमाचा फोन आणि जाण्याची तारीख टिपायची.

शेवटचा रकाना आम्हाला उशिरा सुचला. बाई फडावर असताना पोस्टमन त्रुटीचं पत्र आणतो, घराला कुलूप असतं, पत्र परत जातं आणि मुदत संपून अर्ज निकाली निघतो. आता प्रत्येक ओळीच्या टोकाला गावात राहणाऱ्या एका बाईचं नाव असतं. पत्र तिनं घ्यायचं, फाइलही तिच्याच ट्रंकेत, आणि फडावर फोन करून वाचून दाखवायचं. मूळ पोच मात्र फाइलमध्ये ठेवत नाहीत. ती प्लास्टिकच्या चौकोनी पिशवीत घालून बाई बरोबर नेते, आधारकार्डाच्या मागं.